लिंबाखाली उभ्या असलेल्यांसाठी: मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

मराठी मंडळ्यांचे सर्व पाळकसाहेब, पंच आणि वडीलजन यांना,

सप्रेम सलाम.

मी जन्मापासून ख्रिस्ती मंडळीत वाढलेली एक सभासद. गाव आणि मंडळी कोणती ते लिहीत नाही, कारण हे पत्र कुणा एका मंडळीवर ठपका ठेवायला लिहिलेलं नाही. जे आमच्या घरी घडलं ते अनेक गावांत घडलं असणार आणि आजही घडत असणार, म्हणून ते सगळ्यांसमोर मांडते आहे.

माझे आजोबा, आईचे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर होते. १९७८ साली मामाच्या कॉलेजप्रवेशासाठी त्यांनी जातीचा दाखला काढला. त्यावर धर्म ‘हिंदू’ लिहिला होता. असं का करावं लागतं हे तुम्हाला सांगायला नको. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने अनुसूचित जातींची सवलत फक्त हिंदूंना ठेवली. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. बाप्तिस्म्याने आमचं गावकुसाबाहेरचं घर गावात आलं नव्हतं, पण कागदावरची जात पुसली गेली होती. हा कायदा बदलायला हवा असं मी मनापासून मानते, पण आजचं पत्र सरकारला नाही.

तो दाखला मंडळीतल्या कुणीतरी पाहिला आणि पंचांची सभा बसली. आजोबांनी काही लपवलं नाही. उभं राहून म्हणाले, “सही माझी आहे. पोराच्या शिक्षणापायी मी प्रभूचं नाव कागदावर नाकारलं. मला क्षमा करा.” ठराव झाला की त्यांना प्रभुभोजनापासून, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीपासून, दूर ठेवावं. किती दिवस, ते ठरावात लिहिलेलं नव्हतं.

ते एकोणीस वर्षं चाललं. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपदेश संपला की आजोबा शेवटच्या बाकावरून उठायचे, टोपी हातात घ्यायचे आणि आवारातल्या लिंबाखाली जाऊन उभे राहायचे. आजी आत भाकर आणि द्राक्षारस घ्यायची, कारण तिला तसं आजोबांनीच बजावलं होतं: सही माझी, तुझी नाही. शेवटचं गीत सुरू झालं की ते परत आत यायचे. एकही रविवार चुकवला नाही. दोन-तीनदा पंचांकडे अर्जही केला. ‘विचार करू’ असं उत्तर आलं.

१९९७ च्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. गुरुवारी रात्री त्यांनी मामाला म्हटलं, पाळकसाहेबांना बोलाव, मला प्रभुभोजन हवंय. मामा गेला. पाळकसाहेब कठोर नव्हते. त्यांचे डोळे भरून आले असं मामा आजही सांगतो. पण ठराव पंचांचा, मला एकट्याला मोडता येत नाही, रविवारी उपासनेनंतर सभा घेतो, असं ते म्हणाले. आमच्याकडे प्रभुभोजनाचा रस मनुकांचा करतात. आजीने त्याच रात्री वाटीत मनुका भिजत घातल्या आणि पांढऱ्या रुमालात पाव बांधून ठेवला. शनिवारी पहाटे आजोबा गेले. मनुका वाटीत टम्म फुगल्या होत्या.

पुढे शिक्षणाच्या निमित्ताने मी मंडळीच्या पहिल्या तीन-चारशे वर्षांचा इतिहास वाचला, आणि वाचता वाचता मला दाखला दिसला. खराखुरा दाखला.

इ. स. २४९ च्या अखेरीस रोमचा सम्राट डेशियस याने हुकूम काढला की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यावा आणि तसा कागद अधिकाऱ्यांकडून सही करून घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. मजकूर जवळजवळ ठरलेला: मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर आज्ञेप्रमाणे अर्घ्य ओतलं, बळी दिला, नैवेद्य चाखला, तरी कृपया सही करावी. एका दाखल्यावर माणसाची ओळखखूणही आहे: वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. तो म्हातारा ख्रिस्ती होता की नव्हता हे त्या कागदावरून कळत नाही, कारण कागद सगळ्यांनाच काढावा लागत होता. पण ती ओळ वाचल्यावर मला शाळेच्या दाखल्यावरची आपली ‘ओळखखूण’ आठवली आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले.

छळापुढे अनेक ख्रिस्ती डगमगले. कुणी बळी दिला, कुणी नुसता धूप जाळला, आणि कुणी अधिकाऱ्याला पैसे चारून बळी न देताच दाखला मिळवला. या शेवटच्यांना नावच पडलं होतं, ‘दाखलेवाले’. छळ ओसरल्यावर हे सगळे मंडळीच्या दाराशी आले. आम्ही पडलो, आम्हाला परत घ्या, असं म्हणू लागले. यांचं करायचं काय?

प्रश्न सोपा नव्हता. पेन्टेकॉस्टच्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र याने सांगितलं होतं, पश्चात्ताप करा आणि पापांची क्षमा व्हावी म्हणून बाप्तिस्मा घ्या. त्या एका स्नानाने आधीचं सगळं धुतलं जाई. पण स्नानानंतर पुन्हा चिखलात पडलेल्याचं काय? इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तर लिहिलं आहे की ज्यांना प्रकाश मिळाला आणि जे तरीही पतन पावले त्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवं करणं अशक्य आहे. हे वचन मी टाळत नाही. आमच्या पंचांनीही तेच वाचून दाखवलं होतं. पण त्याच शास्त्रात प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला चुकलेल्या एका माणसाविषयी लिहितो की त्याला बहुतेकांनी दिलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जायचा. ही दोन्ही वचनं सुरुवातीच्या मंडळीने एकाच वेळी हातात धरली होती. एक धरून दुसरं टाकणं आपण नंतर शिकलो.

दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाचा एक मुक्त झालेला गुलाम होता. त्याने आपल्या दृष्टान्तात एक बुरूज पाहिला. तो बुरूज म्हणजे मंडळी. दगड रचले जात आहेत, काही दगड फोडून दूर फेकले जात आहेत, आणि काही बाजूला काढले आहेत पण बुरुजाजवळच पडले आहेत. हे कोण, असं त्याने विचारलं. उत्तर आलं: हे पाप केलेले, पण पश्चात्ताप करू इच्छिणारे. यांना फार लांब टाकलेलं नाही, कारण ते वळले तर बांधकामाला उपयोगी पडतील. हर्मासने बाप्तिस्म्यानंतर एकच संधी सांगितली, दुसरी नाही. म्हणजे तोही सैल नव्हता. तरी तो ‘जवळच पडलेला दगड’ वाचताना मला आवारातला लिंब दिसतो. प्रार्थनामंदिराच्या भिंतीपासून वीसेक पावलांवर आहे तो.

‘पश्चात्ताप’ म्हटलं की आपल्या कानाला त्यातला ‘ताप’ आधी ऐकू येतो: मागाहून होणारी जळजळ. ग्रीक नव्या करारातला शब्द आहे मेटानोइया, मन पालटणं. त्यामागे संदेष्ट्यांचा हिब्रू शब्द उभा आहे, त्याचा अर्थ माघारी फिरणं. येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्राने हेच केलं. डुकरांच्या शेंगा सोडून तो उठला आणि घराच्या वाटेला लागला. त्याने पाठ केलेलं माफीचं भाषण बापाने पुरं होऊसुद्धा दिलं नाही. कुणाला माघारी फिर म्हणायचं तर आधी घराचं दार उघडं ठेवावं लागतं. दार बंद करून ‘पश्चात्ताप कर’ म्हणणं म्हणजे त्याला नुसतं जळत ठेवणं.

हे ढिलेपण नव्हे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याने पश्चात्तापावर लिहिलं तेव्हा त्याला जहाज फुटल्यावर हाती लागलेल्या फळीची उपमा दिली. पापी माणूस गोणपाट नेसे, राखेत बसे, उपास करी, वडीलजनांच्या पाया पडे, सगळ्या भावांना विनवी की माझ्यासाठी प्रार्थना करा. लाजेपायी हे टाळणाऱ्याला तर्तुलियन म्हणतो, गुप्त जागेचं दुखणं वैद्याला न दाखवता माणूस लाजेसकट मरतो, तसं होईल तुझं. आणि तिथेच पुढे लिहितो की तू भावांच्या गुडघ्यांना हात लावतोस तेव्हा ख्रिस्ताला स्पर्श करतोस, आणि ते तुझ्यासाठी रडतात तेव्हा ख्रिस्त रडतो. रडणारा एकटा नव्हता, सगळी मंडळी सोबत रडत होती. आमच्या आजोबांसोबत कोण रडलं? हाच तर्तुलियन उतारवयात इतका कठोर झाला की व्यभिचाऱ्याला क्षमा देणाऱ्या बिशपावर त्याने आग पाखडली. मोठी माणसंही या प्रश्नावर दोन्ही टोकांना गेली आहेत. म्हणून आमच्या पंचांवर मी राग धरत नाही.

आता दाखलेवाल्यांकडे परत येते. कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या काळात लपून राहिला होता आणि त्यासाठी त्याला बोल लागला होता. पुढे १४ सप्टेंबर २५८ रोजी त्याने तलवारीखाली मान दिली. परत येऊ पाहणाऱ्यांच्या बाबतीत त्याला दोन्ही बाजूंशी झगडावं लागलं. तुरुंगात हाल सोसलेले काही विश्वासवीर चिठ्ठ्या देऊ लागले होते: ‘अमक्याला त्याच्या घरच्यांसकट सामील करून घ्या.’ ना चौकशी, ना पश्चात्ताप, घरात माणसं किती तेही माहीत नाही. सिप्रियनने याला ठाम विरोध केला. अशी स्वस्त क्षमा जखम वरवर बुजवते आणि आतला पू तसाच ठेवते, असं त्याचं म्हणणं. हे आपणही ऐकायला हवं, कारण आज काही ठिकाणी वजनदार माणसाला एका प्रार्थनेत सगळं माफ होतं आणि गरीब मास्तर एकोणीस वर्षं झाडाखाली उभा राहतो.

दुसऱ्या बाजूला रोममध्ये नोव्हेशियन. त्याचं म्हणणं असं की देव क्षमा करील तर करो, मंडळीला तो अधिकार नाही. २५१ साली तो स्वतंत्र बिशप बनून वेगळा झाला. सिप्रियनने अँटोनियानस नावाच्या बिशपाला लांबलचक पत्र लिहून ही भूमिका खोडून काढली. ते पत्र मला जवळजवळ पाठ झालं आहे. त्यात तो म्हणतो, सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. हुकूम निघताच आपण होऊन बळी द्यायला धावलेला माणूस वेगळा आणि बराच काळ झगडून शेवटी मोडलेला वेगळा. एकाने स्वतःबरोबर सगळ्यांना पापात ओढलं. दुसरा मात्र सगळ्यांच्या वतीने एकटा पुढे गेला आणि स्वतःचा जीव धोक्यात घालून बायको, मुलं आणि अख्खं घर वाचवलं. दाखलेवाल्याचं म्हणणंही तो नमूद करतो: बळी देऊ नये हे मी उपदेशात ऐकलं होतं, म्हणूनच न देता पैसे भरले.

‘सही माझी, तुझी नाही’ असं बजावून आजीला आत पाठवणारे माझे आजोबा आणि हा सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीचा माणूस यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. २५१ च्या कार्थेज सभेने ठरवलं की दाखलेवाल्यांची एकेकाची चौकशी करून त्यांना परत घ्यावं, आणि बळी दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावं, पण मरणाच्या दारी त्यांनाही वंचित ठेवू नये. थोड्याच काळात नवा छळ येणार असं दिसू लागलं, तेव्हा बिशपांनी सगळ्या पश्चात्तप्तांना प्रभूच्या मेजाशी घेतलं. ज्यांना ख्रिस्ताचा प्याला नाकारतो त्यांना ख्रिस्तासाठी रक्त सांडायला कोणत्या तोंडाने सांगायचं, असं त्यांनी लिहिलं.

ज्यांच्या वडिलांनी कागदावर निधड्या छातीने ‘ख्रिस्ती’ लिहिलं, शिष्यवृत्ती सोडली, नोकरी सोडली, अशी माणसं तुमच्या पंचांत असतील. आमच्याकडे होती. सवलत घेऊन पुढे गेलेल्याला तसंच आत घेतलं तर आमच्या बापाच्या त्यागाला काय अर्थ राहिला, ही त्यांची वेदना खरी आहे. त्यांना मी एवढंच दाखवीन: आलेक्सांद्रियाचा बिशप डायोनिशियस लिहितो की त्याच्या शहरात ज्यांनी विश्वासासाठी मरण पत्करलं, त्या हुतात्म्यांनीच मरणापूर्वी पडलेल्या भावांना जवळ केलं, त्यांच्यासोबत प्रार्थना केली, त्यांच्या पंगतीला बसले. सर्वांत जास्त किंमत मोजलेल्यांनी हे केलं. मग त्यांचा निवाडा मोडणारे आपण कोण, असं डायोनिशियस विचारतो.

त्याच डायोनिशियसने अंत्युखियाच्या बिशपाला कळवलेली एक हकिगत इतिहासकार युसेबियसने जपून ठेवली आहे. सेरापियन नावाचा एक म्हातारा विश्वासी. आयुष्यभर सरळ वागलेला, छळात मात्र बळी देऊन बसला. क्षमेसाठी त्याने पुन्हा पुन्हा विनवलं, पण कुणी लक्ष दिलं नाही. मग तो आजारी पडला. तीन दिवस वाचा नाही, शुद्ध नाही. चौथ्या दिवशी जरा सावध झाला तेव्हा त्याने नातवाला, मुलीच्या मुलाला, हाक मारली. बाळा, मला किती वेळ अडकवून ठेवणार? धाव, मंडळीच्या एखाद्या वडिलाला घेऊन ये, मला लवकर मोकळं करा. एवढं बोलून पुन्हा वाचा गेली. मुलगा धावला. रात्र होती, आणि मंडळीचा वडील स्वतःच आजारी, त्याला येता येईना. पण मरणाच्या दारी असलेल्याने मागितलं, विशेषतः आधीही मागितलं असेल, तर त्याला क्षमा द्यावी, म्हणजे तो आशेने जाईल, असा बिशपाचा आदेश होता. म्हणून त्याने पवित्र भाकरीचा लहानसा तुकडा त्या मुलाच्या हाती दिला. हा भिजव आणि आजोबांच्या तोंडात थेंब थेंब सोड. मुलगा दारात पोचण्याआधीच म्हातारा पुन्हा सावध झाला होता. आलास बाळा? वडिलाला येता आलं नाही, पण त्याने सांगितलं ते लवकर कर आणि मला जाऊ दे. मुलाने तुकडा भिजवून तोंडात सोडला. थोडंसं घशाखाली उतरलं आणि सेरापियनने प्राण सोडला.

ना सभा झाली, ना ठराव. रात्रीच्या वेळी एक मूल अंधारातून प्रभूचं शरीर घेऊन धावत गेलं. हे वाचल्यापासून मी स्वतःला विचारते, त्या गुरुवारी पाळकसाहेबांनी माझ्या हातात तुकडा दिला असता तर मी किती जोरात धावले असते.

ही एका शहरापुरती दया नव्हती. ३२५ साली निकेयाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने तेराव्या नियमात लिहून ठेवलं की मरायला टेकलेल्याला या शेवटच्या आणि अत्यंत गरजेच्या शिदोरीपासून वंचित ठेवू नये. हा जुनाच नियम आहे आणि तो पाळला जावा, असंही त्यांनी म्हटलं. बळजबरी नसताना विश्वास सोडलेल्यांना त्याच परिषदेने अकराव्या नियमात तीन वर्षं ऐकणाऱ्यांत, सात वर्षं गुडघे टेकणाऱ्यांत आणि दोन वर्षं प्रभुभोजनाविना प्रार्थनेत ठेवलं. बेरीज बारा. छळाखेरीज पडलेल्यांना! आणि लगेच पुढच्याच नियमात, ज्याचा पश्चात्ताप आचरणातून दिसतो त्याच्या बाबतीत बिशपाने अधिक मवाळ व्हावं, अशी मोकळीक ठेवली. चौथ्या शतकात बिशप बेसिलने खून करणाऱ्याला वीस वर्षं सांगितली: चार वर्षं दाराबाहेर रडणाऱ्यांत, पाच ऐकणाऱ्यांत, सात गुडघे टेकणाऱ्यांत, चार उभे राहणाऱ्यांत.

हे आकडे ऐकून आज आपला जीव दडपतो. पण त्यांना शेवट आहे हे पाहा. खुन्यालासुद्धा ठाऊक होतं की आज आपण कुठे उभे आहोत आणि पुढची पायरी कोणती. दाराबाहेर रडणाऱ्याला जागा होती, त्या जागेला नाव होतं, आणि आत जाणारे लोक त्याच्यासाठी प्रार्थना करत होते. आजोबांच्या लिंबाला नाव नव्हतं आणि शेवटही नव्हता. खून करून आले असते तर बेसिलच्या हिशेबाने त्यांना वीस वर्षं झाली असती. एका दाखल्यासाठी एकोणीस झाली, आणि तरी संपली नाहीत.

इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी अब्बा पीमेन यांच्याकडे एक भाऊ आला. माझ्या हातून मोठं पाप घडलंय, तीन वर्षं प्रायश्चित्त करणार आहे, म्हणाला. पीमेन म्हणाला, फार होतात. मग एक वर्ष? फार होतं. चाळीस दिवस? तेही फार. माणूस मनापासून वळला आणि पुन्हा तसं करणार नाही असं ठरवलं, तर देव त्याला तीन दिवसांतही जवळ घेतो असं मला वाटतं.

पाळकसाहेब, पंचहो, शिस्त नको असं मी म्हणत नाही. ज्या मंडळीत पापाला पाप म्हणत नाहीत तिथे क्षमेलाही काही वजन राहत नाही. पण कुणाला मेजापासून दूर ठेवायचं असेल तर ठरावात मुदत लिहा, आणि ती संपली की तुम्ही स्वतः त्याच्या घरी जा, त्याला पुन्हा अर्ज करायला लावू नका. दूर ठेवलेल्यासोबत बसून प्रार्थना करणारा एक वडील नेमा. मरणाच्या दारी कुणी मागितलं तर पाळकाने एकट्याने, त्याच रात्री द्यावं, आणि सभेला नंतर कळवावं, असा ठराव आताच करून ठेवा. दाखल्याच्या बाबतीत प्रत्येक घराचं वेगळं ऐका: कुणी सवलतीसाठी विश्वास विकला आणि कुणी सगळ्या घराच्या वतीने एकट्याने सही केली. आणि एकांतात कबूल केलेलं पाप व्यासपीठावरून वाचू नका. पापांची कबुली लिहून ती सगळ्यांसमोर वाचायची प्रथा रोमचा बिशप लिओ याने ४५९ सालीच बंद पाडली. त्याने कारण दिलं होतं की अशा भीतीने लोक औषधच घ्यायचे नाहीत.

प्रत्येक मंडळीच्या कपाटात सभासदांची वही असते. पुढच्या सभेत ती काढा. ज्यांच्या नावापुढे तसा शेरा आहे त्यांची वयं बघा, आणि त्यांतल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या घरी रविवारची वाट न पाहता जा.

आपली,
शेवटच्या बाकावर बसणारी एक सभासद